बाळंतिणीचं पाणी

माझा पहिला मुलगा फुजैराला जन्मला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात जे बोलणं झालं, ते बहुतेक सगळं बाथरूममधल्या हीटरबद्दल होतं. लिहिताना विचित्र वाटतं, पण तसंच झालं खरं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतर लवकरच आम्ही तिकडे, आखातात दुबईच्या पलीकडच्या त्या बंदराच्या गावी गेलो. माझा नवरा जहाजांना तेल पुरवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात होता. कुठलं जहाज कधी येणार, किती तेल घेणार, त्याचे कागद, फोन, फॅक्स असं ह्यांचं काम. आमच्या गॅलरीतून समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसायची. गावात मराठी घरं मोजकीच आणि तीही लांब लांब. गणपतीला भेटी व्हायच्या, नाहीतर एखाद्या सुट्टीच्या शुक्रवारी दुबईला गेलो तर.

बाळंतपणाला आई येणार होती. तिचा पासपोर्ट झाला होता. व्हिसाचे कागद ऑफिसातल्या ज्या माणसाकडे दिले होते, तो भेटेल तेव्हा म्हणायचा, "हो जाएगा, इन्शाल्ला." आईने सांगलीत डिंक, अळीव, खारीक असं सगळं जमवून ठेवलं होतं. पण मला दिवस भरायच्या बऱ्याच आधी कळा सुरू झाल्या. मुलगा फार लहान होता. काचेच्या पेटीत होता तोवर मी त्याला एकदाच हात लावला. डॉक्टर चांगले होते, पण कारण त्यांनाही सांगता आलं नाही. "कभी कभी ऐसा होता है," एवढंच म्हणाले.

हे आणि ऑफिसातले दोघे जण त्याला घेऊन डोंगरातल्या रस्त्याने दुबईला गेले. आपल्या लोकांची सोय तिकडेच होती. एवढ्या लहान बाळाला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात, हे मला माहीत होतं. जागा कशी होती, कोण काय बोललं, मी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही.

मी घरी आले तेव्हा बाळासाठी आणलेल्या सगळ्या वस्तू दिसेनाशा झाल्या होत्या. दुपटी, टोपडी, छोटा टब. ह्यांनी ते कुठे नेलं कोण जाणे. घर अगदी आवरलेलं होतं. टेबलावर ब्रेड, दूध, केळी आणून ठेवली होती. हे म्हणाले, "तू पड जरा." मी पडले. मग हे गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शरीराला मात्र काहीच कळलेलं नव्हतं. दूध येत होतं. छाती दगडासारखी झाली होती, पाठ मोडून आली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे आणि हे ऑफिसातून आले की उठून कुकर लावायचे.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक मल्याळी कुटुंब राहायचं. ती बाई माझ्याहून बरीच मोठी होती. तिला सगळे चेची, म्हणजे ताई, म्हणायचे म्हणून मीही म्हणायचे. तोवर आमची ओळख जिन्यात हसण्यापुरती आणि वरच्या टाकीतलं पाणी संपलं की एकमेकींना विचारण्यापुरती होती. मी घरी आल्यानंतर दोन-चार दिवसांनी सकाळी तिने दार वाजवलं. आत आली, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गरम पानी से नहाता है?"

"कौन?"

"तुम."

मी म्हटलं, "थोडा गरम आता है. चलता है."

"थोडा गरम से क्या होता है? तुम्हारा डिलीवरी हुआ है."

"बच्चा नहीं है, चेची."

"बच्चा नहीं है," ती म्हणाली. "डिलीवरी तो हुआ ना? शरीर को गरम पानी होना. बहुत गरम."

तोपर्यंत माझी डिलिव्हरी झाली असं कोणी म्हटलंच नव्हतं. फोनवर सासूबाई म्हणाल्या होत्या, "झालं ते झालं." ह्यांच्या ऑफिसातल्या लोकांच्या बायका म्हणाल्या होत्या, "जो हुआ उसे भूल जाओ." मी स्वतःही स्वतःला बाळंतीण समजत नव्हते. बाळाशिवाय कसली बाळंतीण? चेचीने ते एका वाक्यात ठरवून टाकलं. मी दारातच रडायला लागले. ती थांबली, आणि माझं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "कल सुबह आती मैं. बच्चा लोग स्कूल जाएगा, उसके बाद."

दुसऱ्या दिवशी मुलांची स्कूलबस गेल्यावर ती आली. एका हातात खोबरेल तेलाची वाटी आणि दुसऱ्या हातात फडक्याने धरलेलं उकळत्या पाण्याचं पातेलं. तिने मला बाथरूममध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं, पाठीला, कमरेला तेल चोळलं. आमच्या नळाच्या पाण्यात हात घालून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. मग परत घरी गेली, आणखी एक पातेलं घेऊन आली, मग आणखी एक. ते पाणी कमरेवर पडलं तेव्हा मला पहिल्यांदा चटका बसला आणि मग इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले. अंघोळ झाल्यावर तिने जुनी साडी फाडून पोटाला घट्ट पट्टा बांधला, छातीलाही बांधला, आणि डोक्यावरून पांघरूण घालून मला झोपवलं. मी त्या दिवशी दुपारपर्यंत झोपले. हॉस्पिटलमधून आल्यापासूनची ती पहिली झोप.

असं तिचं रोज सुरू झालं. एके दिवशी हे उशिरा ऑफिसला जाणार होते, म्हणून घरात होते. चेची पातेलं घेऊन आली तेव्हा ह्यांनीच दार उघडलं. जिन्यातल्या फरशीवर तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत पाणी सांडलेलं होतं. तिने एक खेप केली, दुसरी केली. हे बाजूला उभे राहून बघत होते. ती गेल्यावर म्हणाले, "त्यांनी किती खेपा घालायच्या? भाजेल एखाद्या दिवशी. आपल्याकडे एवढा मोठा हीटर आहे."

आपण गीझर म्हणतो, तिकडे सगळे हीटर म्हणायचे. बाथरूमच्या छताशी आडवी बसवलेली पांढरी मोठी टाकी. बिल्डिंग जुनी, वायरिंगही जुनं. एसी, वॉशिंग मशीन आणि हीटर एकदम चाललं की मेन स्विच पडायचा, कधी सगळ्या मजल्याचीच वीज जायची. म्हणून मालकाने प्रत्येक हीटरला एक टायमर बसवून दिला होता. गोल तबकडीचं घड्याळ आणि त्याला कडेने छोट्या खुंट्या. लोक झोपले, विजेवरचा भार कमी झाला की हीटर आपोआप चालू व्हायचा आणि पहाटे बंद व्हायचा. टाकीला आतून जाड अस्तर होतं. रात्री तापलेलं पाणी सकाळच्या सगळ्या अंघोळी होईपर्यंत गरम राहायचं. निदान राहायला हवं होतं. आमचं कधीपासून कोमट यायला लागलं होतं ते आम्हाला सांगता येईना. त्या वर्षी उन्हाळा लांबला होता. उन्हाळ्यात तिकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच पोळणारं असतं, हीटर बंदच ठेवतात. थंडी सुरू झाली तेव्हा मी पोटुशी होते आणि कोमट पाणी मला चालत होतं.

ह्यांनी आधी खालच्या नातूरला सांगितलं. नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, एक वयस्कर पठाण होता. तो म्हणाला, "मालिक को बोलेगा. मिस्त्री आएगा, इन्शाल्ला." मिस्त्री आला नाही. मग ह्यांनी स्वतःच स्टूल घेतलं.

पहिल्या दिवशी ह्यांना वाटलं, सापडलं. टायमरचं घड्याळ मागे पडलं होतं. ते विजेवर चालायचं, त्यामुळे वीज गेली की तेही थांबायचं आणि वीज आल्यावर होतं तिथून पुढे चालू लागायचं. असं थांबून थांबून ते इतकं मागे गेलं होतं की हीटर रात्री नाही, उजाडता उजाडता चालू होत होता. ह्यांनी तबकडी फिरवून बरोबर वेळेला लावली. जेवताना मला समजावून सांगितलं, हाताने तबकडी कशी फिरते ते दाखवून. किती दिवसांनी हे एवढं बोलत होते.

सकाळी पाणी कोमटच आलं.

मग ह्यांनी टायमर बाजूलाच ठेवला. त्याला हाताने चालू करायची एक कळ होती, ती दाबून हीटर दिवसभर चालवला. तरी कोमट. म्हणजे दोष टायमरचा नव्हता. मग थर्मोस्टॅट, पाणी किती तापलं की बंद व्हायचं ते ठरवणारा भाग. मेन स्विच बंद करून झाकण उघडलं, तो वाढवून ठेवला. काही फरक नाही. मग ऑफिसातल्या इलेक्ट्रिशियनकडून मीटर आणलं आणि कॉइल तपासली. कॉइल शाबूत होती, पण ह्यांना वाटलं, तिच्यावर क्षार चढला असेल. फुजैराचं पाणी तेव्हा खारट असायचं, नळाच्या तोंडाशी पांढरे थर जमायचे. एक सबंध संध्याकाळ टाकी रिकामी करण्यात गेली. मी खाली बादली धरायचे, भरली की हे स्टुलावरून उतरून ओतून यायचे. कॉइल बाहेर काढली तर खरंच तिच्यावर चुन्यासारखा जाड थर होता. ह्यांनी तो व्हिनेगरमध्ये भिजवून, खरवडून काढला, नवा रबरी वॉशर आणून ती परत बसवली. ह्यांच्या केसांत, भुवयांवर पांढरी भुकटी बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नळासमोर उभे राहिलो. ह्यांनी नळ सोडला, हात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग बंद केला आणि कपडे करून ऑफिसला गेले.

चेची रोज पातेली आणत होती. तिने ह्यांना एकदा म्हटलं, "भाई, छोड़ो. मैं लाती है ना." हे नुसते हसले.

शुक्रवारी सांगलीला फोन लावला. आईने विचारलं, "जावई कसे आहेत गं?"

मी म्हटलं, "हीटर दुरुस्त करताहेत."

फोनच्या मिनिटांची मला एरवी काळजी असायची, त्या दिवशी मी घड्याळाकडे पाहिलं नाही. मग ती म्हणाली, "करू देत. तू काही बोलू नकोस."

पण मी बोलले. त्याच आठवड्यात एकदा हे ऑफिसातून आले, बूट काढले आणि माझ्याशी एक शब्द न बोलता सरळ बाथरूममध्ये जाऊन वर बघत उभे राहिले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मला नको तुमचं गरम पाणी! दिवसभर मी इथे एकटी असते आणि तुम्ही घरी येऊन त्या टाकीकडे बघता. तिला काय झालंय ते विचारता. मला विचारलंत एकदा तरी?"

हे वळले. त्यांचा चेहरा पाहून मला बोलल्याचा पश्चात्ताप नाही झाला, भीती वाटली. हे अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, ह्याचं कारण आहे. पाणी तापतंय आणि नळाला येत नाहीये, म्हणजे मध्ये काहीतरी होतंय. ते शोधलं की सापडेल. ह्याचं तरी सापडेल."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. त्यांचा कप बाथरूममध्ये नेऊन दिला आणि टॉर्च धरून उभी राहिले.

पुढच्या शुक्रवारी सकाळी ह्यांना एक गोष्ट सुचली जी आधी सुचायला हवी होती, असं नंतर तेच म्हणायचे. आत काय आहे ते बघण्याऐवजी बाहेरून पाण्याच्या वाटेवर हात ठेवायचा. टाकीतून बाहेर पडणाऱ्या तांब्याच्या नळीला हात लावला तर चटका बसत होता. नळापाशी येईतो पाणी कोमट. म्हणजे टाकी चांगली होती, कॉइल चांगली होती, सगळं चांगलं होतं. गार पाणी वाटेत कुठूनतरी येऊन गरम पाण्यात मिसळत होतं.

"घरातले सगळे नळ बघ," हे आतून म्हणाले. "जिथे गरम आणि गार एकत्र येतं, तिथे दोन्ही बाजू बंद कर. एकेक करून. मी इथे पाणी सोडून ठेवतो."

स्वयंपाकघरातलं सिंक पाहिलं. बंदच होतं. बेसिन बंद. मग मी पॅसेजमध्ये वॉशिंग मशीनजवळच्या मोठ्या सिंकपाशी गेले.

त्या सिंकवर हातात धरायचा एक छोटा फवारा होता. बाळाला अंघोळ घालायला. सहाव्या महिन्यात ह्यांनी स्वतः आणून बसवला होता. बाळाला वाकून टबात धरण्यापेक्षा सिंकमध्ये बरं पडेल, तुझी पाठ दुखणार नाही, म्हणाले होते. गरम आणि गार अशा दोन चाव्या, दोन्हींचं पाणी एकत्र होऊन फवाऱ्यात येणार, आणि फवाऱ्याच्या मुठीवर बोटाने दाबायची कळ. तेव्हा ह्यांनी दोन्ही चाव्या थोड्या थोड्या सोडून पाणी हाताच्या मनगटावर घेऊन पाहिलं होतं आणि बाळाला सोसेल असं जमल्यावर चाव्या तशाच ठेवल्या होत्या. पुन्हा जुळवत बसायला नको, कळ दाबली की झालं. घरातलं बाळाचं सगळं ह्यांनी उचललं, पण हा नळ होता. भिंतीला होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. कळ न दाबल्यामुळे बाहेर थेंब येत नव्हता, पण आतल्या आत दोन्ही चाव्या उघड्या होत्या आणि बाथरूममध्ये गरम नळ सोडला की इकडून गार पाणी त्याच नळीत ढकललं जात होतं.

ते इतकं नीट मला नंतर समजलं. त्या वेळी एवढंच कळलं की हाच. मी गार पाण्याची चावी धरली आणि फिरवली. मग गरमची.

आतून ह्यांचा आवाज आला, "आलं! अगं, आलं! गरम आलं! काय केलंस?"

हे पाय पुसत, जवळजवळ पळतच पॅसेजमध्ये आले. चेहरा खुललेला होता. मग त्यांनी माझा हात कुठे आहे ते पाहिलं.

हे वॉशिंग मशीनला टेकून जमिनीवर बसले. "मीच उघडं ठेवलं होतं," म्हणाले. "मीच लावून ठेवलं होतं त्याच्यासाठी." आणि तोंडावर दोन्ही हात घेऊन रडले. हॉस्पिटलपासून तोवर मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाथरूममध्ये नळ तसाच चालू होता, वाफ पॅसेजपर्यंत येत होती. मी जाऊन तो बंद केला आणि त्यांच्याजवळ येऊन बसले. आम्ही खूप वेळ तिथेच बसलो. ह्यांनी मला विचारलं, त्याचे हात कसे होते, तू हात लावला होतास ना? मी सांगितलं. त्याने माझं बोट धरलं नव्हतं, तेवढी शक्ती नव्हती, पण तळवा उबदार होता. एवढं सांगितलं आणि मग मीही रडले.

दुसऱ्या दिवशी चेची पातेलं घेऊन आली. मी तिला बाथरूममध्ये नेऊन नळ सोडून दाखवला. तिने हात घातला, झटकन मागे घेतला आणि म्हणाली, "खलास! अब ठीक है." पातेलं परत नेऊन ठेवलं, पण अंघोळ घालायला रोज येत राहिली. तिचा हिशोब ठरलेला होता. इतके दिवस म्हणजे इतके दिवस.

आईचा व्हिसा त्यानंतर आला. आता कशाला येतेस, असं मी म्हटलं तरी ती आली. बॅगेतून तिने डिंकाचे लाडू काढले. "टाकून कसे द्यायचे," म्हणाली, "तुझ्यासाठीच केलेत." चेचीला हिंदी अर्धं यायचं आणि आईला त्याहून कमी, तरी दोघी बाथरूमच्या दारात उभ्या राहून माझ्या अंघोळीवरून वाद घालायच्या. चेचीला पाणी आणखी कढत हवं असायचं आणि आईला वाटायचं पोरगी भाजेल. मी स्टुलावर बसून ऐकायचे. त्या दिवसांत मला पहिल्यांदा हसू आलं ते त्या वादाला.

सिंकवरचा तो फवारा ह्यांनी काढला नाही. मीही काढा म्हटलं नाही. पुढे मी त्याने भाज्या धुवायला लागले.

काही वर्षांनी ह्यांची बदली दुबईच्या ऑफिसात झाली. मुलगी तिथेच झाली, धडधाकट, भरल्या दिवसांची. तोवर चेचीचं कुटुंब कायमचं केरळला परत गेलं होतं. मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराला, एका शुक्रवारी मी ह्यांना म्हटलं, "मला तिथे घेऊन चला." कुठे ते त्यांनी विचारलं नाही. मुलीला मागच्या सीटवर बसवलं आणि आम्ही निघालो. दुबई मरीनाच्या बाजूला तेव्हा नव्या इमारतींच्या क्रेनच क्रेन उभ्या होत्या. मुलगी मोठ्याने त्या मोजत होती, इंग्रजीत.

जागा साधी होती. भिंत, फाटक, आत वाळू आणि काही लहान उंचवटे. त्यांवर नावं नव्हती. ह्यांना नक्की कुठला ते सांगता येईना. थोडे चालले, थांबले, परत मागे आले. "इथेच कुठेतरी," म्हणाले. मुलीने विचारलं, "हू इज हिअर, बाबा?"

"तुझा दादा," हे म्हणाले.

"कॅन आय से हॅलो?"

हे म्हणाले, "म्हण." ती म्हणाली.

परत येताना ती झोपून गेली. गाडी चालवता चालवता हे आपणहून बोलायला लागले. त्या दिवशी डोंगरातल्या रस्त्याने येताना ते मागे बसले होते आणि तो त्यांच्या मांडीवर होता. मध्ये मसाफी गावापाशी त्यांच्या बरोबरच्याने गाडी थांबवली, पाणी आणायला उतरला, आणि ह्यांना भीती वाटली की ऊन लागेल म्हणून त्यांनी त्याच्यावर आपला रुमाल धरला. मग त्यांच्या लक्षात आलं, तरी रुमाल काढला नाही. फाटकापाशी कोण होतं, कोणी खणलं, कोणी काय म्हटलं, सगळं सांगितलं. सिग्नल लागले, सुटले. मी ऐकत राहिले. घरापाशी गाडी लावल्यावरही त्यांचं सांगणं संपलं नव्हतं, म्हणून आम्ही मुलीला झोपूच दिलं आणि तिथेच बसून राहिलो.